गेममधला रामघाट

३ ऑगस्ट २०००
आज सकाळी पूजा आटोपून वडिलांच्या, तात्यांच्या, खाटेसमोरची क्षिप्रेवरच्या रामघाटाची तसबीर काढली. काच उतरवताना फुटली. फोटो पंच्यात गुंडाळून देवास गेटला अनिलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात स्कॅन करवून आणला.
कमरेचं हाड मोडल्यापासून तात्या पडून आहेत. एकच मागणं, "एकदा क्षिप्रा दाखव रे." सौ. म्हणते, "ऑटो करा की." तिला ऑटोचे धक्के ठाऊक नाहीत. मी घाटच घरी आणतो. मुलगा आदित्य पुण्याला जाताना कॉम्प्युटर ठेवून गेलाय, त्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम आहे. त्यातल्या जुन्या चित्राच्या नावानं आपलं चित्र ठेवलं की गेममध्ये आपलं दिसतं. रविवारपर्यंत होईल.

६ ऑगस्ट, रविवार
पडदा काळा. अनिल म्हणाला, "अंकल, फोटो में रंग ज़्यादा हैं, गेम उठा नहीं पा रहा." रंग कमी केले. क्षिप्रा जांभळी झाली.

१४ ऑगस्ट, सोमवार
आज महाकालेश्वरांची सवारी, पालखी गावातून निघणार. सौ. पुन्हा ऑटोचं बोलली. या गर्दीत?
घाट उमटला! फक्त आकाशात. फाइलींची अदलाबदल झाली असावी. तात्यांना दाखवला. "पाणी वर कसं रे?" म्हणाले.

२० ऑगस्ट
आशीर्वाद घ्यायचा राहिला होता, तिथंच चुकलं. शर्यतीच्या शेवटी कमान असते, तिच्यावर महाकालेश्वरांचा फोटो चढवला. सोवळ्यात. तात्यांना उशीला टेकवून बसवलं.
कमान कोरी. देव रस्त्यावर. ब्रेकचं बटण सापडेपर्यंत माझी मोटार त्यांच्या कपाळावरून गेली, मागून आणखी चार. तात्यांनी डोळे मिटून हात जोडले. "बंद कर," म्हणाले.

२१ ऑगस्ट
फाइल काढायला गेलो तर कॉम्प्युटर कचऱ्याचा डबा पुढे करतो. देव कचऱ्यात? हात चालेना. मार्ग सुचला: फाइल फ्लॉपीवर हलवायची, फ्लॉपीचं विसर्जन करायचं.

२७ ऑगस्ट
केलं. फ्लॉपीला गंध-फूल वाहिलं, ताटात घेतली. ऑटो दारातून निघाला तो घाटाजवळ थांबला. धक्के विशेष नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, "और कोई नहीं आ रहा, बाबूजी? पूरी सीट खाली है." ताट शेजारी ठेवलं.
फ्लॉपी बुडेना. सारखी पायरीशी परत येई. अखेर दगड बांधला.
घरी आल्यावर तात्यांनी विचारलं, कुठे गेला होतास. घाटावर, म्हटलं.
"एकटाच?"
मी ताट देवघरात ठेवून आलो.
"पाणी आहे?"
"भरपूर."
मग ते समोर तसबिरीच्या खिळ्याकडे बघत राहिले. काच बसवून आणायची राहिलीच आहे.
विसर्जन मात्र यथासांग झालं.