रिकाम्या मशीनची गणितं

मंगळवार, ५ ऑगस्ट २००८

आज पुन्हा मशीन बंद! सूनबाईंनी, मृण्मयीनं. "अप्पा, दिवसभर उगीच चालू असतं."

उगीच! तिसऱ्यांदा सांगितलं – आपण कॉम्प्युटर वापरत नसतो तेव्हा तो मलेरियाच्या औषधासाठी आकडेमोड करतो. परदेशातले संशोधक इंटरनेटवरून गणिताचे तुकडे पाठवतात, आपलं मशीन सोडवून परत पाठवतं. जगभर हजारो घरांत चालतं हे. स्वखुशीनं. मृण्मयी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, आणि विचारते, "त्यात आपल्याला काय मिळतं?"

भार्गवीनं बसवून दिलंय ते. जूनमध्ये, लातूरला क्लासच्या वसतिगृहात जायच्या आदल्या दिवशी. खातं दोघांचं मिळून – नात आणि आजोबा. जेवढी गणितं सुटतील तेवढे पॉइंट. "आजोबा, याला रिकामं बसू देऊ नका हं!"

आणि ही बाई बटण दाबते!

सोमवार, १८ ऑगस्ट

काल भार्गवीचा फोन. आठवड्याला पाच मिनिटं, तेही रेक्टरबाईंच्या टेबलावरून, बाई समोर बसलेल्या. चार मिनिटं राघवेंद्र टेस्टचे मार्क विचारत होता. बाप आहे की परीक्षक? मला उरलं एक.

"कशी आहेस?"

"बरी आहे. आजोबा, आपलं खातं बघता ना?"

"रोज बघतो की!"

फोन कट.

सोळा वर्षांची पोर, पहाटे पाचपासून पुस्तकाला जुंपलेली. मशीनला तरी रिकामा वेळ असतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

गणपती बसले. भार्गवीला सुट्टी नाही! राघवेंद्र म्हणतो, "एक वर्ष गणपती नाही बघितला तर काय बिघडतं?" स्वतः लेकाचा कॉलेजात असताना पोळ्यालासुद्धा घरी पळून यायचा.

एक मात्र गंमत झाली. चार दिवस लाइट धड नव्हती, मशीन बंदच, तरी पॉइंट वाढलेले! पान उघडलं तर खात्यावर कॉम्प्युटर दोन. रविवारी तिला क्लासच्या ऑफिसात मार्क भरायला बसवतात म्हणाली होती – तिथल्या मशीनवरही आपलंच खातं जोडलेलं दिसतंय पोरीनं. शेजारच्या शेषेरावांना बोलावून आकडा दाखवला. छाती फुगली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

भूकंपाला पंधरा वर्षं. पेपरात एका क्लासची अर्धं पान जाहिरात – "भूकंपातून लातूर उभं राहिलं ते गुणवत्तेवर!" पेपर फाडून टाकला.

तेव्हा मी नांदेड स्टेशनात पार्सल ऑफिसला. मदतीचं सामान यायचं – घोंगड्या, दूध पावडर, कफनाचं कापड. कापडाचे गठ्ठे उचलताना हमालसुद्धा बोलत नव्हते. त्या माणसांच्या जिवावर जाहिरात करता?

राघवेंद्र म्हणे, "अप्पा, उगाच चिडता." हो, चिडतो!

रविवार, १२ ऑक्टोबर

फोन आलाच नाही. राघवेंद्रनं लावला तर रेक्टरबाई म्हणाल्या, "टेस्टमध्ये घसरली आहे. महिनाभर फोन बंद. तिच्याच भल्यासाठी." आणि हा – "ठीक आहे मॅडम."

ठीक आहे? पोर जेवली का, एवढं तरी विचारायचं! कडाक्याचं भांडलो. मृण्मयी रडली, पण बोलली नवऱ्याच्याच बाजूनं. शेवटी तो म्हणाला, "तुमच्या त्या पॉइंटच्या नादानंच घसरली असेल. ते खातं काढा, नाहीतर मी काढतो."

दोन घास टाकून उठलो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

खातं काढायला बसलो. रागानंच. घ्या, होऊ द्या तुमच्या मनासारखं! आधी तिचं मशीन काढू म्हणून त्याच्यावर क्लिक केलं. आजवर तिथे कधी गेलोच नव्हतो. प्रत्येक मशीनला नाव असतं, आपण ठेवू ते. त्याचं नाव उघडलं – इंग्रजी अक्षरं, मध्ये आडव्या रेघा:

आजोबा-घरी-न्या

दोनदा मनात वाचलं. मग मोठ्यानं. मृण्मयी कणकेच्या हातानं बाहेर आली. तिनंही वाचलं. हात धुतले आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळच्या बसनं लातूर. वॉचमन दारात आडवा. "वडलांची चिठ्ठी न्हाई तर पोरगी सोडता येत न्हाई, काका."

"मग पोलिसाला बोलव!" एवढा ओरडलो की वरच्या खिडक्या पोरींनी भरल्या. रेक्टरबाई आल्या. त्यांनी राघवेंद्रला फोन लावला. तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण मागून मृण्मयीचा आवाज मला इकडे ऐकू आला. बाईंनी फोन ठेवला आणि भार्गवीला बोलावलं.

मनगटं काडीसारखी झालीत. बॅग भरलेलीच होती.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काल परतीच्या बसमध्ये अहमदपूर आलं. मग मी विचारलं, नाव कधी ठेवलंस गं?

"सहा जुलैला. म्हणून तर फोनवर विचारलं होतं, खातं बघता ना?"