शेवटी मी निघेन

३ मार्च, सकाळी ११.१०
नाकातोंडात पाणी. हवा भरलेला पतंग पालथा, दोऱ्या पायांत, पायाखालचा बोर्ड बेपत्ता. तो मेहुण्याने शोधून आणला. वर उपदेश : भावोजी, बार सोडा, आधी बार सोडा. बार म्हणजे पतंगाच्या दोऱ्यांचा हातातला दांडा. हा इसम एका नोकरीत वर्षभर टिकलेला नाही. काय धरायचं आणि काय सोडायचं, ते याने मला शिकवावं!

दुपारी
वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून तोडलेलं हे उथळ पाणी. याला लगून म्हणतात. डेंटिस्ट डबकं म्हणतो. पंधरा वर्षांची मैत्री आहे म्हणून ऐकून घेतो.
वाऱ्यावर चार पुस्तकं वाचून आलो आहे. ज्ञान असलं की सुरुवातीला जड जातं. अडाणी लगेच बोर्डावर उभे राहतात. हे दोघे आज उभे राहिले.
संकल्प : ७ तारखेला बोर्डावर उभं राहून, पतंगाच्या ओढीवर तीन लगून पार करून बेटाच्या टोकाला. तिथे फोटो. ऑफिसात खुर्चीमागच्या भिंतीवर खिळा ठोकून आलो आहे. सगळ्यांनी पाहिला.

४ मार्च
वाऱ्याने दोन किलोमीटर लांब नेऊन टाकलं. पतंग डोक्यावर घेऊन वाळूतून पायी परत. असं तीनदा. किनाऱ्याची इतकी बारीक पाहणी दुसऱ्या कोणी केलेली नाही. मेहुणा जिथून निघतो तिथेच परत येतो. त्याने काय पाहिलं?
बायकोचा फोन. उभे राहिलात का? म्हटलं, तंत्रावर काम चालू आहे. म्हणाली, माझा धाकटा भाऊ सांगत होता, तुमचं चालणं छान सुधारलंय. चुगलखोर.

५ मार्च
पतंग उडवायचा तर तो दुसऱ्या कोणाला तरी लांब उभं राहून धरावा लागतो. खूण झाली की सोडायचा. हमाली. आज सगळ्यांचे मी धरले.
शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा पतंग कोणी धरत नाही. ढकलत नाही, फेकत नाही, नेमका सोडता.
विचाराअंती : केव्हा सोडायचं हे ज्याला कळतं तोच पुढारी. हमाली हा शब्द मागे.
दुपारी बाईंनी एकट्याने पतंग उडवायची युक्ती शिकवली. वाळूची पिशवी, दोरी, काय काय. दोघे शिकले. मी सावलीत पडलो. माणसं हाताशी असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

६ मार्च, दुपारी ४.२०
उभा राहिलो. दोनशे मीटर, न पडता, ही बाईंची उद्यासाठी अट होती. खांबापासून नांगरलेल्या होडीपर्यंत. मध्ये एकदा पाण्याचा आवाजच बंद झाला. बाकी आठवत नाही.
डेंटिस्ट किनाऱ्यावर नाचला. शोभत नाही त्या वयाला. बाई म्हणाल्या, उद्या चला. साडेसातच्या आत निघायचं, आठला ओहोटीने वाटेतली वाळू उघडी पडते, मग जाता येत नाही.

संध्याकाळी
मेहुणा म्हणाला, भावोजी, सकाळी आधी तुमचा सोडतो. मग माझा मी उडवून येतो मागून.
कीव करतो माझी! सांगितलं, पुढारी शेवटी निघतो. आधी पोरंबाळं.
बाईंनी विचारलं, मग तुमचा कोण धरणार? म्हटलं, सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर आहे ना. डेंटिस्ट म्हणाला, हो म्हणा बाई, नाहीतर आता भाषण होईल.
ड्रायव्हरला अजून विचारलेलं नाही. विचारायचं काय त्यात? मी उभा राहिलो की माणसं येतात.

७ मार्च
६.५० ते ७.१५ : बाईंचा, डेंटिस्टचा, मेहुण्याचा, असे तीन पतंग धरले आणि सोडले. तिन्ही पहिल्या झटक्यात वर गेले. मेहुण्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मी हाताने जा म्हटलं.
माझ्या पतंगात हवा भरलेली होती. दोऱ्या लावलेल्या होत्या. किनाऱ्यावर कोणी नव्हतं.
आठला वाळू उघडी पडली. साडेआठला ड्रायव्हर आला. त्याने पतंगावरून हात फिरवला. म्हणाला, साहेब, हा कोरडाच आहे, सामानात सगळ्यांत वर ठेवू का?
वर ठेवला.