अब्बांचा आवाज, नव्या बोर्डावर

७ जानेवारी
अब्बांचा बोलका बॉक्स गेला. गेलेली लाइट आली ती एवढ्या जोरात की आतला सर्किट बोर्डच जळला. मेमरी कार्ड वाचलं, अल्लाचा शुकर. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, त्याआधी रेकॉर्ड केलेली अब्बांची अक्षरं त्यात आहेत. बटणं दाबली की बॉक्स ती जोडून त्यांच्याच आवाजात बोलायचा. आता ते पाटीवर लिहितात आणि अम्मीला दिसत नाही, शुगरने डोळे खाल्ले. म्हणजे वाचून दाखवायचं मी.

८ जाने.
तो बोर्ड आता बनतच नाही. नवा मागवला, चिप वेगळी. आतलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, कुणीही घ्या, बदला. ऑफिसात मांडते तसा अंदाज मांडला. बटणं एक दिवस, कार्ड दोन, आवाज... आठवडा धरला. अम्मीला म्हटलं, दहा दिवस.
"दहा म्हणजे दहा?"
"हो गं."
कशाला बोलले!

१३ जाने.
मामेभाऊ मुंबईहून बोर्ड घेऊन आला, वीर स्टेशनवर जाऊन घेतला. संध्याकाळपर्यंत बटणं चालू. मध्ये टाइप केलेलं बोलून दाखवणारा मोबाइल देऊन पाहिला होता. अब्बांची बोटं थरथरतात, काचेवर एकाच्या जागी चार अक्षरं. फेकलाच त्यांनी.

१७ जाने.
आवाजाचा भाग उघडला. या अल्लाह. सगळा जुन्या चिपसाठीच लिहिलेला, नव्यावर एक ओळ चालेल तर शपथ. ज्याने लिहिला त्याला मेल केला. परदेशातला भला माणूस, लगेच उत्तर: हे नव्यानेच लिहावं लागेल, किती वेळ ते मलाही सांगता येत नाही.
आठवडा म्हणे! आधी हसू आलं, मग रडू.
अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे अब्बा ट्रकवर असताना कधी वेळ सांगून गेले नाय. कशेडीचा घाट उतरल्याशिवाय वेळ बोलायची नाय, म्हणायचे. तू कशाला बोललीस गो?"

२० जाने.
पाटीवर दिवसभर: चहा. गोळी. पंखा बंद. मी मोठ्याने वाचते, अम्मी "हां" म्हणते.
जेवणानंतर अब्बांनी लांब ओळ लिहिली. मी हात पुढे केला तर तळव्याने पुसून टाकली.
"काय लिवलंय?"
"काही नाही अम्मी, पुसलं."
इतक्या वर्षांचा संसार, त्यातलं सगळं मुलीच्या तोंडून कसं सांगतील? दोघं शेजारी बसतात आणि मधे मी. फार वाईट वाटलं.

२ फेब्रु.
आवाजाचा भाग नव्याने लिहितेय, बॉक्समधून नुसती खरखर. ऑफिसचं काम पडलंय. साहेबाचे दोन फोन, घेतले नाहीत.

९ फेब्रु.
आज शब्द निघाला. अब्बांनी स्वतः बटणं दाबली, अम्मीचं नाव. "जुबेदा." सूर खाली गेलेला, ओढलेला, भलत्याच माणसाचा.
अम्मीने झटकन ओढणी डोक्यावर घेतली. "कोण आलंय गो? आधी सांगायचं नाय?"
"अम्मी, अब्बाच आहेत."
"हे नाय ते. यांचा आवाज मला कळत नाय काय?"
अब्बांचे डोळे भरले. मला बघवेना.
"खरं सांग, किती दिवस लागतील?"
"माहीत नाही, अम्मी."
अब्बांनी परत तीच बटणं दाबली. तिने ओ दिली नाही.