सोनेरी पट्टी आणि पंचावन्न मिनिटे

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा चष्म्याचे दुकान, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवतो की, विमान कंपनीने मला पाठवलेल्या सोनेरी बॅगपट्टीचा बंद दोन बोटे आखूड आहे. तो बॅगेच्या मुठीला वेढा घालून बक्कलपर्यंत पोहोचत नाही. नेहमीच्या प्रवाशाच्या ज्या सोनेरी दर्जासाठी मी तीन वर्षे आकाशात घिरट्या घातल्या, तो सुतळीने बांधावा लागतो. चार तक्रारी केल्या, उत्तर नाही. असाच एक दिवस उत्तराची वाट पाहत मी जायचो, असे वाटून हे मृत्युपत्र करायला घेतले.

माझी बुद्धी शाबूत आहे. बायकोला याबद्दल शंका आहे. परंतु जिला काही मिळायचे आहे तिने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितल्यामुळे तिचे मत येथे नोंदवलेले नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक बायकोला. स्वयंपाकघरातला गळका नळ “या रविवारी नक्की” दुरुस्त करण्याचे माझे आश्वासनही, घराचाच भाग म्हणून, तिच्याकडे जाईल.

कलम २. दुकान, काच घासायचे यंत्र आणि नंबर तपासायच्या भिंगांची पेटी मुलीला. “ही फ्रेम तुम्हाला शोभते” हे वाक्य तिला अजून गंभीर चेहऱ्याने म्हणता येत नाही. ते सवयीने जमेल.

कलम ३. वारसांनी मला वेडा ठरवण्याआधी खुलासा. विमान कंपनी दोन प्रकारचे पॉइंट देते. एकाने फुकट तिकीट मिळते, दुसऱ्याने दर्जा. दर्जाचे पॉइंट साध्या वर्गात चिमूटभर आणि बिझनेस क्लासमध्ये ओंजळभर मिळतात, तेही प्रत्येक उड्डाणाला वेगळे. म्हणून शहाण्या माणसाने बिझनेस क्लासचा सेल लागेपर्यंत दबा धरून बसावे आणि मग सर्वांत वाकडा मार्ग घ्यावा. दोन तासांच्या गावाला मी तीन विमाने बदलून अकरा तासांत पोहोचतो आणि त्याच पावली परत फिरतो. एकदा हवाईसुंदरीने काळजीने विचारले, “सर, काही विसरलात का तिथे?” घरी बायकोने विचारले, “काय काय पाहिलंत?” मी म्हटले, “विमानतळ.” ती म्हणाली, “बरं झालं. मागच्या वेळी राहिलाच होता.”

कलम ४. विमानात मिळालेल्या सतरा पिशव्या, प्रत्येकी एक मोजेजोड, एक डोळ्यांवरची पट्टी आणि एक बाहुलीचा वाटावा असा टूथब्रश, मेहुण्याला. “दाजी, एवढ्या पैशांत गाडी आली असती” असे तो दर भेटीत म्हणतो. त्याने मोजे घालून गप्प बसावे.

कलम ५. शेजारचा औषधवाला, ज्याला सगळी गल्ली कॅप्टन म्हणते, त्याला काहीही देऊ नये. ही विद्या त्यानेच मला शिकवली, हे खरे. पण मागच्या वर्षी मी विमानतळावर दर्जावाल्यांसाठी असलेल्या लाउंजच्या आरामखुर्चीत इतका रमलो की तिथे घोषणा होत नाहीत हेच विसरलो. विमान गेले, त्यामुळे त्या तिकिटावरची पुढची सगळी उड्डाणे आपोआप रद्द झाली आणि दर्जा चाळीस पॉइंटांनी हुकत होता. हे त्याने खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगितले. त्याला कायदेशीररीत्या काहीच मिळू नये म्हणून मी त्याला साक्षीदार केले आहे.

कलम ६. फुकट तिकिटाचे साठलेले पॉइंट बायकोच्या नावे करावेत, या हेतूने कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

“सर, सदस्याचं निधन कधी झालं?”

“अजून झालेलं नाही.”

“ओके सर. झालं की पॉइंट आपोआप रद्द होतात.”

“मग बायकोला काय मिळेल?”

“आमच्या सहवेदना, सर.”

सबब, माझी ही सर्वांत कष्टाची कमाई वारसाहक्काने कोणालाच देता येत नाही.

कलम ७. माझ्यावर एक देणे आहे.

ते चाळीस पॉइंट भरून काढायला मागच्या वर्षी आणखी एक फेरी केली. दोघांचे तिकीट सवलतीत होते, म्हणून बायकोला नेले. फेरीचे टोक म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे गाव. परतीच्या विमानाला पंचावन्न मिनिटे होती. बाहेर जायला दार होते, पण परत आत यायला तपासणीची लांबलचक रांग. मी म्हटले, “नको. विमान चुकलं तर दर्जा गेला.” तिची ताई डबा घेऊन काचेपलीकडे उभी होती. दोघी काचेला हात लावून फोनवर बोलल्या.

“अगं, किती हडकलीस!”

“काचेमुळे वाटतं तसं. तू चष्मा पूस आधी.”

“पुसून काय होतंय? मोतीबिंदू झालाय. आणि डबा कसा देऊ तुला?”

“तूच खा. मी बघते इथून.”

आणि तिने खरोखर पाहिले. ताई बाकावर बसून एकटी जेवली, ही इकडून हसत राहिली. मी घड्याळ पाहत होतो. विमानात तिने खिडकीकडे तोंड केले ते उतरेपर्यंत.

आता ताईच्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. माझी या वर्षाची शेवटची फेरीही त्याच आठवड्यात, आणि ती चुकली तर सोनेरी दर्जा जातो. बायको म्हणाली, “तुमची फेरी होऊ दे. मी फोनवर बोलेन तिच्याशी.” टोमणा असता तर परवडला असता. ती मनापासून म्हणाली.

हे लिहिता लिहिता फेरी रद्द केली. पट्टी सुतळीसकट कचऱ्यात टाकावी.

सही: चष्मेवाला
साक्षीदार १: औषधवाला. (शेरा: “लाउंजची हकीकत मी फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगितली.”)
साक्षीदार २: दुकानाच्या जागेचे मालक. (शेरा नाही. चष्मा घरी विसरल्यामुळे वाचले नाही, सही केली.)
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: सदस्यवर्ष संपायला नऊ दिवस बाकी

ता. क. कलम ६ मधील सर्व पॉइंट आज सकाळी खर्च झाले. बायकोला ताईच्या गावाला बिझनेस क्लास, खिडकी, थेट विमान. मी त्याच विमानात मागे, एकतिसाव्या रांगेत, मधली जागा. दर्जाचे पॉइंट शून्य. तिचे तिकीट घडी करून तिच्या चष्म्याच्या डबीत ठेवले आहे. परतीचे काढलेले नाही. कधी यायचे ते तिचे ती ठरवील.