नोरीनच्या घरचा न घेतलेला चहा

ब्लँचर्डस्टाउन, १९ जून

तीर्थरूप पद्माकरकाकांना हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आमच्या तब्येती ठीक. राजकीयदृष्ट्या मात्र माझा दहावा उरकला.

कौन्सिलची निवडणूक एकेचाळीस मतांनी हरलो. (नागपुरात तुमचं डिपॉझिट दोनदा जप्त झालं, तेव्हा घराण्याच्या मानाने ही प्रगतीच.) हरवलं कुणी? भाडी दुप्पट करणाऱ्यांनी नाही, परक्यांना हाकला म्हणणाऱ्यांनीही नाही. एका कप चहाने.

माझ्या अर्जावर पहिली सही शेजारच्या मायकेलची. निवृत्त बसचालक, वय बहात्तर. सहा आठवडे तो मला दारोदार घेऊन हिंडला. मी प्रत्येक उंबऱ्यावर मानवमुक्तीपासून सुरुवात करायचो आणि तो बाही ओढायचा, “हेम, आधी पावसाबद्दल बोल. न्यायाचं मग बघू.” त्याला धाप लागायची. मला दिसायची. पण नेहमीच एक गल्ली उरलेली असायची. मतदानाला चार दिवस असताना तो सकाळी बूट घालायला खाली वाकला, तो उठलाच नाही.

इथे आयरिश लोकांत मृताला घरी बैठकीच्या खोलीत ठेवतात आणि येईल त्याला चहा-सँडविच देतात. नोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, कप पुढे केला. सुतकाच्या घरी पाणीही घेऊ नये, हे आपल्या हाडात मुरलेलं. तिने तीनदा विचारलं, मी तीनदा हात जोडले. अशा घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, म्हणून मुकाट बाहेर पडलो आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. (शुद्ध झालो.) संध्याकाळपर्यंत वस्तीभर एकच वाक्य: “मायकेल ज्याच्यासाठी मेला, त्याने त्याच्या घरचा चहा घेतला नाही. निरोपसुद्धा नाही!”

काका, चहाबद्दल माझ्याकडे खुलासा आहे. वाक्याच्या पूर्वार्धाबद्दल नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
हेमचंद्र

ता. क. तुमची सून शुभदा दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन चहा पिऊन, वर सगळ्यांचे कप विसळून आली. तिने मत कुणाला दिलं, हे मी विचारलेलं नाही.

आणखी एक. महिना झाला की चर्चमध्ये मायकेलसाठी प्रार्थना असते. नंतर घरी मी त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोलावं, असा नोरीनचा निरोप आहे. तीन दिवस लिहून फाडतो आहे. तेवढी दोन मिनिटं तुम्ही लिहून पाठवा. त्यात निवडणूक नको. माझ्या हातून ती पहिल्याच ओळीत येते.