अचानक म्हणजे किती

ता. ४ मार्च
चि. शिंपल्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.
रविवारी उपासनेत तुझं कौतुक झालं. तू पाऊल ठेवत नाहीस त्या चर्चमध्ये! खाणीतल्या खडकात दगड झालेले शिंपले बराच काळ तसेच राहतात आणि मग अचानक बदलतात, हे तू लिहिलेलं वाक्य मी पाळकसाहेबांना दाखवलं होतं. त्यांनी ते प्रवचनात घेतलं. म्हणाले, आता शास्त्रज्ञही कबूल करतात, देवाने एकेक जीव एका क्षणात घडवला. त्याची पत्रकंही छापली. खाली लिहिलंय, ‘माहिती : मुलांच्या वर्गाच्या बाई’. म्हणजे मी. तू घरी परत आलास असंच वाटलं बघ. खोकला कसा आहे? काढा घेत जा, आळस करू नकोस.
तुझी, माया कमी न झालेली,
ताई

ता. १५ मार्च
ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.
खोकला गेला. ते पत्रक मात्र इथे आमच्या प्रयोगशाळेत पोचलं. कुणीतरी चहाच्या खोलीतल्या फळ्यावर टाचलंय. ताई, आमचं ‘अचानक’ म्हणजे पन्नास हजार वर्षं. खडकात तेवढ्या काळाचा थर हाताच्या पंजाएवढा भरतो, म्हणून तो शब्द. मी तो न उलगडता लिहिला, ही माझी चूक.
पण लिहायचं ते वेगळंच आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी पत्रक मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ही अडाणी बाई कोण? सगळे हसले. मीही हसलो. तू माझी बहीण आहेस हे सांगितलं नाही. आई गेल्यावर मला मांडीवर बसवून अक्षरं गिरवून घेतलीस ती तू, आणि मी हसलो. चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही.
आशीर्वाद मागायचं तोंड नाही.
शिंपल्या

ता. २४ मार्च
चि. शिंपल्यास आशीर्वाद, वि. वि.
तुझं पत्र वाचलं आणि कानशिलं तापली. आधी स्वतःचीच लाज वाटली. न समजलेलं मी मिरवलं. पाळकसाहेबांकडे गेले, तर ते बिचारे चष्मा पुसत बसले. रविवारी मीच उभी राहून सगळ्यांना सांगितलं की पत्रक चुकीचं आहे. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मग बाई, तुमचा विश्वास तरी खरा का? इथे बाकीचे साक्ष देताना दिवस, वेळ सांगतात, प्रभू कधी भेटला ते. मी आजवर मान खाली घालून बसायचे. या वेळी सांगून टाकलं, मला असा दिवस नाही. विश्वास कधी नव्हता आणि कधी आला, मला कळलंच नाही; पण आहे. दोन घरांनी मुलं वर्गातून काढली.
तुझ्या हसण्याचं म्हणशील, तर माफ केलं असं आज लिहिणं खोटं होईल. लोकांच्या मुलांना मी क्षमा शिकवते आणि मला ती जमत नाहीये, याचीही लाज वाटते. पण तू लिहीत राहा.
रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. २ एप्रिल
ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.
काल चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, ती बाई माझी बहीण. साहेबांनी कप खाली ठेवला आणि माफी मागितली. शिंपले साफ करणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, मग तुम्ही हसलात कशाला? सांगून मोकळं वाटलं नाही.
शनिवारी सकाळी येतोय. वर्गात उरलेल्या मुलांना शिंपले दाखवू का, हे विचारायची हिंमत होत नाही. तरी थोडे पिशवीत घेतलेत. दार उघडायला वेळ लागला तर पायरीवर बसेन.
लोभ उरला असेल तेवढा पुरे.
तुझा भाऊ