ठोंब्याला चोप

४ जून, सकाळी साडेआठ
नातीनं अक्षरं गिरवून घेतली, वही दिली. साठी उलटल्यावर लिहितेय मी! कुणाला सांगू न् कुणाला नको. ऑफिसातल्या मशीनच्या खोलीची झाडपूस माझ्याकडे, चावी माझ्या कमरेला. आत कपाटाएवढा सर्व्हर. मी त्याला ठोंब्या म्हणते. अख्ख्या ऑफिसचं काम त्याच्या पोटात, आणि पाठीतून गरम वारा. फरशीचं ओलं फडकं पाठीवर पसरलं की दहा मिनिटांत कडकडीत. आज मेल्याचा दिवा हिरव्याचा नारिंगी झाला. फडकं ओढलं, त्यानंच फाडफाड झोडपला. हिरवा!

६ जून
पुन्हा नारिंगी. पुन्हा चोप. पुन्हा हिरवा. हाताला गुण आहे माझ्या. आमच्या घरचा रेडिओही थोबाडीत दिल्याशिवाय बोलायचा नाही. नवरापण... ते राहू दे.

११ जून
साहेब म्हणाले, मावशी, वय झालं, महिनाअखेर विश्रांती घ्या. मी म्हटलं, ठोंब्या माझ्यावाचून जगायचा नाही. म्हणाले, बरं, इंजिनियरला विचारून ठरवू. निश्चय: रोज चोप, न चुकता. माणसांवर मात्र हात टाकायचा नाही.

१३ जून
टाकला. वॉचमन मागे उभा राहून हसत होता. आज फडक्याऐवजी झाडूचा दांडा घेतला होता, तो मागे गेला तो थेट त्याच्या नाकावर. भळभळा रक्त. चूक त्याचीच, नाक किती पुढे!

१७ जून
मशीनच्या कंपनीचा इंजिनियर नवा पंखा घेऊन आला. चष्मेवाला, गोड पोरगा. न बोलावता आला! म्हणाला, आजी, यात सगळं दोन-दोन असतं, एक पंखा मेला तरी दुसरा ओढतो. आणि काही दुखलंखुपलं की मशीन आपणहून आमच्या कंपनीला कळवतं. आम्ही लांबूनच तपासतो, लांबूनच बरं करतो. म्हणजे चहाडखोर! खाल्ल्या घरची बाहेर सांगतो! तो गेल्यावर दोन लाथा जादा घातल्या. अंगठा टम्म सुजला.

२१ जून
दुसरा पंखाही गेला. चष्मेवाला ठोंब्यामागे वाकलेला मला दिसलाच नाही. फटका बसला, चष्म्याचा चुरा झाला. म्हणाला, आजी, मी मशीन नाही हो. म्हटलं, दिसतंच आहे, लाल झालास. तरी वर म्हणतो, एवढा ताप येतो कुठून, शोधतो. शोध बाबा. माझंच नाव होणार.

२७ जून
साहेबांच्या केबिनची सतरंजी धुतली, ती पसरली. ठोंब्या किंचाळायला लागला आणि एकदम गप्प. अख्खं ऑफिस बंद! सतरंजी खेचली, बदड बदड बदडला, दांड्याचे दोन तुकडे. अर्ध्या तासानं उठला. चष्मेवाला फोनवर म्हणतो, आम्ही इथून उठवला. म्हणेना का. सगळ्यांसमोर मारलाय मी. नोकरी पक्की.

३० जून
केबिनमध्ये बोलावलं. ठोंब्याही रोजनिशी लिहितो! चष्मेवाल्यानं मोठ्यानं वाचली. माझ्याहून टापटीप, मिनिटासकट. चार जून, सात दहा: पाठ कोंडली, ताप चढला. सात वीस: पाठ मोकळी, अकरा धक्के, ताप उतरला. सहा जून तेच. रोज तेच. साहेबांनी हळूच विचारलं, मावशी, सात दहाला पाठीवर काय असतं? म्हटलं, फडकं.
दारातला वॉचमन नाक धरून हसला.
साहेबांनी हात पुढे केला. कमरेच्या चावीची गाठ लवकर सुटेना. म्हणाले, यापुढे जिना तुमचा.

८ जुलै
आठ दिवस झाले. ठोंब्याचा दिवा कसा आहे, वॉचमनला रोज विचारते. रोज सांगतो, हिरवा.
फडकं जिन्याच्या कठड्यावर घातलं होतं. संध्याकाळपर्यंत ओलंच.